धक्का म्हणजे पार्किंग नव्हे

नवी मुंबईत पार्किंगवरून भांडण झालं नाही असा एक दिवस जात नाही. सोसायटीच्या गेटपासून एपीएमसीच्या रस्त्यापर्यंत सगळीकडे तेच. आता हे भांडण पाण्यातही उतरलंय. त्याबद्दल कुणी फारसं लिहीत नाही, म्हणून ही लांबलचक पोस्ट. चहा घेऊन वाचा.

मी कोळीवाड्यातला. नोकरी वाशीला, ऑफिसात. पण काकांची फायबरची होडी आहे आणि सुट्टीच्या दिवशी मी त्यांच्याबरोबर असतो. आमचं गाव कोणतं आणि धक्का कोणता ते मुद्दाम लिहीत नाही. नाव घेतलं की चर्चा गावावर जाते आणि मुद्दा तसाच पडून राहतो. तसंही ऐरोलीच्या दिव्यापासून वाशीगाव, सारसोळे, करावे ते थेट दिवाळ्यापर्यंत कुठल्याही धक्क्यावर जा, थोड्याफार फरकाने हेच दिसेल.

मुद्दा सरळ आहे. दहा-बारा वर्षांपूर्वी गावच्या धक्क्यावर गावच्याच होड्या असायच्या. कोण कधी येणार, कुणाची होडी कुठे लागणार हे न बोलता ठरलेलं होतं. आता थंडीत फ्लेमिंगो बघायला माणसं येतात आणि त्यांना खाडीत फिरवणाऱ्या बोटी असतात. गळ टाकून बसणारे हौशी लोक असतात. रविवारी कुणाच्या तरी मालकीची स्पीडबोट येते. लग्नाआधीचे फोटो काढायला जोडपी येतात आणि कॅमेरावाला त्यांना बरोब्बर त्याच पायरीवर उभं करतो जिथे मासळी उतरवायची असते. सर्वेक्षणाच्या बोटी, कधी गस्तीची बोट. गणपतीत विसर्जन. आणि या सगळ्यांसाठी धक्का तेवढाच, पायऱ्या तेवढ्याच, दोर बांधायचे खुंटे तेवढेच.

कुणी येऊ नये असं मी म्हणत नाही. खाडी कुणाच्या बापाची नाही, आमच्याही नाही. फ्लेमिंगोच्या फेऱ्यांवर कोळीवाड्यातल्याच काही पोरांचं पोट चालतं. ठाणे खाडीला 2015 मध्ये फ्लेमिंगो अभयारण्याचा दर्जा मिळाला, 2022 मध्ये रामसर यादीत नाव गेलं, तेव्हापासून माणसांचा ओढा वाढला तो चांगलाच आहे. माझी तक्रार येण्याबद्दल नाही. आल्यावर कसं वागायचं, याबद्दल आहे.

आता जे लोक खाडीवर नवीन आहेत त्यांच्यासाठी एक गोष्ट आधी सांगायला हवी, कारण बहुतेक भांडणाचं मूळ तिथे आहे. गाडी सकाळी लावा नाहीतर दुपारी, रस्ता तिथेच असतो. खाडीत तसं नाही. आमच्याकडे उधाणाला भरती-ओहोटीत चार-साडेचार मीटरचा फरक पडतो, म्हणजे दीड मजला. हे पाणी साधारण सहा तासांत उतरतं, पण एकसारखं नाही. सुरुवातीला हळू, शेवटी हळू, आणि मधल्या दोन तासांत जवळजवळ निम्मं पाणी निघून जातं. म्हणजे त्या वेळी तासाला मीटरभर! पनवेल खाडीसारख्या गाळाने भरलेल्या ठिकाणी याचा अर्थ असा की भरतीच्या अलीकडे-पलीकडे मोजून काही तासच होडी धक्क्याला लागू शकते. बाकी वेळ तिथे चिखल.

वेळ काढायचा जुना हिशेबही सोपा आहे. तिथीला तीनने गुणा, चारने भागा, आलेली संख्या म्हणजे भरतीची साधारण वेळ. अष्टमीला सहा, पौर्णिमेला सव्वाअकराच्या पुढे. पंचांग बघून माझी आजी हे तोंडी सांगायची. आता मोबाइलवर मिनिटामिनिटाचा तक्ता मिळतो, तरी रविवारी बोट घेऊन येणाऱ्या दहातल्या आठ जणांनी तो पाहिलेला नसतो, असा माझा अनुभव आहे.

मध्यंतरी पौर्णिमेच्या मागेपुढे एक रविवार आला. भरती बाराच्या सुमारास. रात्री गेलेल्या होड्या पाण्याबरोबर आत येणार हे उघड होतं. साडेअकराला पायऱ्यांना एक स्पीडबोट लागली, पुढून-मागून दोन दोर बांधले आणि सगळी मंडळी जेवायला निघून गेली. मागे एक पोरगा ठेवला होता, पण त्याला बोट चालवता येत नव्हती. आमच्यासकट चार होड्या बाहेर घुटमळत राहिल्या. काकांनी दोनदा हाक मारली, "दादूस, जरा बोट पुढं घे रे." पोरगा बिचारा फोन लावत बसला. मंडळी दीड-दोन तासांनी आली. तोवर पाणी उतरायला लागलं होतं. पहिल्या दोन होड्या कशाबशा लागल्या, आमची आणि आणखी एक चिखलात बसली. मग बायकांनी गुडघाभर गाळातून पाट्या डोक्यावर आणल्या. दुपारची गिऱ्हाइकं गेलेली. बर्फ वितळलेला. कोलंबी संध्याकाळी काय भावाने जाते हे ज्यांच्या घरी विकतात त्यांना विचारा.

बोटवाले गृहस्थ वाईट नव्हते. ते म्हणाले, "अहो, जागा रिकामी होती म्हणून लावली. आम्ही कुणाची जागा घेतली नाही." आणि इथेच सगळी गोम आहे. त्यांच्या डोक्यात पार्किंग होतं. रिकामी जागा दिसली, गाडी लावली, काम संपलं की काढू. धक्का तसा नसतो. धक्का हा बसस्टॉप आहे. चढा, उतरा, माल घ्या, माल उतरवा आणि बाजूला व्हा. बसस्टॉपवर बस उभी करून ड्रायव्हर जेवायला गेला तर मागच्या बसचे लोक काय म्हणतील? थांबायचं असेल तर थोडं बाहेर नांगर टाका, नाहीतर धक्क्याच्या टोकाला जिथे चढउतार होत नाही तिथे बांधा.

आणि नंबर कुणाचा आधी? आमच्याकडची रीत अशी की ज्याचं पाणी आणि ज्याचा माल थांबू शकत नाही त्याचा आधी. मासळी भरलेली होडी रिकाम्या होडीच्या आधी. खोल बुडणारी होडी उथळ होडीच्या आधी, कारण उथळ होडीला अजून अर्धा तास मिळतो, खोल होडीला मिळत नाही. कुणी आजारी किंवा जखमी असेल तर सगळ्यांच्या आधी, यावर कधी चर्चासुद्धा होत नाही. यात कोळी आधी आणि पाहुणा नंतर असं कुठे नाही. मासळी उतरवून झालेला आमचा एखादा नाखवा पायरीला होडी लावून गप्पा मारत बसला आणि बाहेर लहान मुलं घेऊन फ्लेमिंगोची बोट ताटकळत असेल, तर आधी हक्क त्या बोटीचा.

काही जण म्हणतील, याला कायदा आहे की. आहे, पण तो धक्क्यापर्यंत पोचत नाही. समुद्रावर कुणी कुणाला वाट द्यायची याचे नियम 1972 च्या आंतरराष्ट्रीय करारात आहेत. सतत नजर ठेवा, झेपेल एवढाच वेग ठेवा, अरुंद वाटेत उजव्या कडेने चला, हे सगळं त्यात आहे. पण एका खुंट्याला चौघांना दोर बांधायचा असेल तर कुणी कसा बांधायचा, हे त्यात नाही. ते रीतीवर सोडलेलं आहे. जगभर तसंच चालतं. आणि रीत शिकवणारी माणसं धक्क्यावर असतात, फक्त त्यांना कुणी विचारत नाही.

ही रीत गर्दीतूनच आलेली आहे. सासून डॉक 1875 चा. तिथे हंगामात होड्यांना धक्का पुरत नाही, म्हणून एकीला लागून दुसरी, दुसरीला लागून तिसरी अशा रांगा लागतात आणि मासळीच्या टोपल्या हातोहात बाहेर येतात. ती गर्दी हलकी व्हावी म्हणून उरणच्या करंजाला वेगळं मच्छीमार बंदर बांधलं गेलं. तिकडची माणसं कशी वागतात ते एकदा नीट बघा. आरडाओरडा भरपूर असतो, शिव्याही असतात, पण दोर चुकीचा नसतो.

दोराचंच सांगतो. खुंट्यावर आधीच कुणाचा फास असेल तर आपला फास वरून टाकून मोकळं व्हायचं नाही. खालच्याला निघायचं झालं की त्याला तुमचा दोर सोडावा लागतो, आणि तुम्ही तर जेवायला गेलेले! आपला फास आधी त्याच्या फासातून खालून वर काढायचा आणि मग खुंट्यावर घालायचा. एवढं केलं की दोघांपैकी कुणीही कधीही निघू शकतो, दुसऱ्याच्या दोराला हात न लावता. दहा सेकंदांचं काम आहे. मला हे काकांनी दहाव्या वर्षी शिकवलं. परवा एका खासगी बोटीच्या चालकाला दाखवलं तर तो म्हणाला, "अरे वा, हे कुणी सांगितलंच नव्हतं." शिकायची तयारी माणसांची असते हो. शिकवायला कुणी उभं राहत नाही.

दुसऱ्याच्या होडीला होडी लावायची वेळ आली तर आधी विचारा. हाक मारून विचारा, होडीत कुणी नसेल तर धक्क्यावर विचारा. मध्ये टायर सोडा, आपले स्वतःचे, समोरच्याच्या टायरांच्या भरवशावर राहू नका. आणि फक्त शेजारच्या होडीला बांधून थांबू नका, निदान एक दोर आपला थेट धक्क्यावर न्या. नाहीतर तीन होड्यांचं ओझं आतल्या एकट्या होडीच्या दोरांवर येतं, आणि ओहोटीच्या ओढीला ते तुटले की तिन्ही एकत्र वाहतात. दोराला ढील किती द्यायची तेही पाणी बघून. भरतीला ताणून बांधलेली होडी ओहोटीला दोरावर लटकते. असल्या लटकलेल्या होड्यांचे व्हिडिओ लोक हसत हसत पाठवतात, पण ज्याची असते त्याच्या हुकांसकट फायबर उखडलेलं असतं.

मधल्या होडीतून धक्क्यावर जायचं तर नाळेकडून जा, जाळ्यावर पाय देऊ नका. चपला घालून तर नाहीच. पाहुण्यांना हे मुद्दाम सांगावं लागतं. वाळत घातलेलं किंवा आवरून ठेवलेलं जाळं त्यांना चादरीसारखं वाटतं, त्यात अडकून पडलात तर पाय तुमचा मोडेल आणि जाळं आमचं फाटेल.

सगळ्यात बाहेरची होडी रिकामी सोडून जायची नाही. आतल्याला निघायचं असेल तर तुम्ही हलल्याशिवाय तो हलू शकत नाही. माणूस ठेवणं शक्य नसेल तर मोबाइल नंबर लिहून ठेवा, दिसेल असा, मोठ्या अक्षरात. सोसायटीत गाडीच्या काचेवर लावताच ना? तसाच. आणि फोन उचला.

वेगाबद्दल मात्र मी चिडून लिहिणार आहे. अरुंद खाडीत मोठ्या इंजिनाची बोट जोरात गेली की तिची लाट धक्क्याच्या भिंतीवर आपटून परत फिरते. बांधलेल्या होड्या एकमेकींवर आदळतात. त्याच क्षणी एखादी मावशी डोक्यावर पाटी घेऊन एका होडीतून दुसरीत पाय टाकत असते. दोन होड्यांच्या फटीत पाय किंवा हात सापडला तर काय होतं ते मी पाहिलंय, इथे वर्णन करत नाही. बोट चालवणारा तोवर दोनशे मीटर पुढे गेलेला असतो, त्याला मागे वळून बघायचीही गरज वाटत नाही. तुमच्या बोटीमागची लाट ही तुमची जबाबदारी आहे, तुम्ही कुणाला धडकला नाहीत तरीही.

18 डिसेंबर 2024 ला गेटवेहून घारापुरीला निघालेल्या 'नीलकमल' बोटीचं काय झालं ते आपण सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलं. इंजिनाची चाचणी घेत असलेली नौदलाची वेगवान बोट येऊन आदळली, माणसं गेली. अनेकांच्या अंगात लाइफ जॅकेट नव्हतं. त्यानंतर काही दिवस सगळीकडे जॅकेटची सक्ती झाली. गर्दीच्या पाण्यात वेगाला लगाम घालायची चर्चा मात्र लवकरच मागे पडली. निदान आपल्या खाडीत, धक्का दिसायला लागला की इंजिन मंद, इतकं तरी आपण आपसात पाळू शकतो. त्याला कुठल्या चौकशी समितीची गरज नाही.

आता आमच्या बाजूचंही लिहितो, म्हणजे काही जण रागावतील. रागवा. धक्क्यावर दोन-दोन वर्षं न हललेल्या मोडक्या होड्या कुणाच्या आहेत? आपल्याच. इंजिन काढून विकलेलं, तळाला भोक पडलेलं, पण खुंटा सोडायचा नाही कारण "ही आमच्या आजोबांची जागा." धक्का आजोबांनी बांधला नव्हता. शिवाय पायऱ्यांवर जाळी पसरून ठेवायची, इंजिनातलं तेलकट पाणी धक्क्यालगतच सोडायचं, थर्माकोलचे तुकडे नि फाटक्या जाळ्यांचे गोळे तिथेच टाकायचे आणि मग पाहुण्यांनी चिप्सचं पाकीट टाकलं की ओरडायचं, हे काही खरं नाही. आणि नवीन माणूस दिसला की त्याच्याकडून बांधणावळ म्हणून दोनशे-पाचशे काढणारी काही पोरं आहेत. पावती नाही, ठराव नाही. त्या पैशाने तो माणूस काय विकत घेतो माहितीये? "मी पैसे दिलेत, मी हलणार नाही" हे म्हणायचा हक्क. दोनशे रुपयांसाठी आपण आपली रीत विकतोय.

सरकारी बाजू बघायची तर हसावं की रडावं कळत नाही. बेलापूरला सव्वाआठ कोटींवर खर्च करून प्रवासी जेट्टी झाली, फेब्रुवारी 2022 मध्ये गाजावाजा करून वॉटर टॅक्सी सुरू झाली, ती पुढे रेंगाळली. नेरुळला सिडकोने शंभर कोटींहून जास्त खर्चून जेट्टी उभी केली आणि ती कितीतरी काळ प्रवाशांशिवाय उभी राहिली. म्हणजे एकीकडे पार्किंग, तिकीटघर, लांबलचक धक्का असलेल्या जेट्ट्यांवर बोटी नाहीत आणि दुसरीकडे आठ पायऱ्यांच्या गावच्या धक्क्यावर मारामारी. सहलीच्या आणि खासगी बोटींना या मोठ्या जेट्ट्यांवर ठरावीक वेळेत, रीतसर शुल्क घेऊन जागा दिली तर गावच्या धक्क्यावरची निम्मी गर्दी उद्याच कमी होईल. भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला रो-रो जाते, तिला वेळापत्रक आहे, ठरलेली जागा आहे, ती कुणाच्या होडीला अडवत नाही. मग आपल्याकडे का जमू नये?

अडचण अशी की विचारायचं कुणाला? धक्का बांधतो एक, ताबा दुसऱ्याकडे, दिवे महापालिकेचे, गाळ काढायचा म्हटलं की मेरीटाइम बोर्ड आणि सिडको यांच्यात पत्रांची ये-जा, मासेमारीचं म्हणाल तर मत्स्यव्यवसाय विभाग, आणि बाजूला कांदळवन असल्यामुळे वन विभाग. प्रत्येकाकडे "हे आमच्या अखत्यारीत नाही" हे वाक्य तयार. मी स्वतः एका कार्यालयात तीन खेपा घातल्या. तिसऱ्या खेपेला साहेब म्हणाले, "तुम्ही लेखी द्या." पहिल्या खेपेला लेखीच दिलं होतं.

म्हणून माझं म्हणणं, त्यांची वाट बघत बसू नये. मच्छीमार सोसायटी, फ्लेमिंगोच्या फेऱ्या करणारी पोरं आणि नियमित येणारे चार-पाच खासगी बोटवाले यांनी एकदा एकत्र बसावं. एक फलक लावावा, मराठी आणि हिंदीत, कारण खलाशी आता सगळीकडचे आहेत. त्यावर त्या आठवड्याच्या भरतीच्या वेळा खडूने लिहाव्यात. भरतीच्या आधी-नंतरचे दीड-दीड तास पायऱ्या फक्त चढउतारासाठी, वीस मिनिटांच्या वर कुणी थांबायचं नाही, आम्हीसुद्धा. फोटोवाल्यांना ओहोटीची वेळ द्या, त्यांना चिखलातही छान फोटो मिळतात, फ्लेमिंगोही तेव्हाच चिखलात उतरतात. पैसे घ्यायचे तर सोसायटीने पावती देऊन घ्यावेत आणि त्यातून नवे खुंटे, टायर आणि एक बरा दिवा घ्यावा. रात्री दोन वाजता अंधारात होडी लावणाऱ्याला दिव्याची किंमत विचारा.

हे करायला उत्तम वेळ म्हणजे पावसाळ्यातली बंदी. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक मासेमारी बंद, बऱ्याच होड्या वर ओढलेल्या, माणसं घरी, डोकी जरा शांत. ऑगस्ट लागला की सगळ्या होड्या एकदम पाण्यात येतात आणि मग कुणाला बोलायला सवड नसते.

आणि मोडक्या होड्यांचं त्याच दोन महिन्यांत उरकायला हवं. आमच्या धक्क्यावर अशा तीन आहेत. त्यातली एक आमच्या नात्यातल्याची आहे. मी त्यांना सांगितलंय, दादा, नारळी पौर्णिमेपर्यंत काढा, क्रेनचे निम्मे पैसे मी देतो. अजून हो म्हणाले नाहीत.